नऊशे सदुसष्ट

बुटीबोरीच्या मागच्या अंगाला, जिथे
एमआयडीसीची भिंत संपते आणि येसनबाईचा गोठा सुरू होतो,
तिथे मी तिपाई रोवली.
दोनशे चाळीस पावलांवर आरसा.
मधे तुरीचं शेत, एक नाला,
आणि ती हवा, जिच्याबद्दलच्या अर्जात
फक्त गोठ्याचं नाव होतं.

दिवा लावला तरी उजेड पडत नाही.
हा उजेड डोळ्यांचा नाहीच;
विझल्या चुलीच्या राखेवर हात धरला की कळतो, तसला.
तो जातो, आरशाला शिवून परत येतो
आणि परतताना थोडा कमी भरतो.
जेवढा कमी भरला तेवढंच माझं काम.
प्रत्येक वायू आपल्या मापाचा घास घेतो,
दुसऱ्याच्या ताटाला हात लावत नाही.
(पाणी सोडून. पाण्याची वाफ सगळ्या ताटांत बोट घालते.)

अमोनियाचा घास नऊशे सदुसष्टाशी.
चैनदास उईकेला मी समजावलं:
नायट्रोजनचा एक, हायड्रोजनचे तीन,
छत्री आहे बघ ती.
बर्डीच्या पुलावर वावटळीत
काड्यांसकट उलटते ना, तशी
उलटते, सुलटते, पुन्हा उलटते,
एका सेकंदात किती वेळा ते विचारू नको.
तो म्हणाला, मॅडम, दुखत नसंल का तिले?

माझं नाक गेलं त्या वर्षी,
मेडिकलच्या व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या त्या.
परत आलं नाही.
तर्री उकळते, फिनाईल सांडतं, गॅस चालू राहतो,
मला सारखंच.
एकदा, कोणी नसताना, प्रयोगशाळेतल्या काचनळीत
मी संत्र्याची साल पिळली
आणि पडद्यावर, आठशे शहाऐंशीच्या आसपास,
एक खळी पडली.
खूप वेळ तिच्याकडे बघत बसले.
मग नळी धुतली. नोंदवहीत लिहिलं: स्वच्छता.

येसनबाई नंदागवळीला मशीन पटलं नाही.
"एवढी मोठी दुर्बीण काऊन लावली, माय?
नाकाले इचारा ना.
शेनाचा वास बसते. खाली, पायापाशी.
तो तिकडचा उभा येते,
डोयात शिरते, मंग घशात.
रातच्या अडीचले. म्हशी उठून उभ्या राह्यतात."

अडीचला आम्ही जागे होतो.
पौषातली थंडी, धुकं झाकणासारखं घट्ट.
चैनदासने डिटेक्टरला द्रव नायट्रोजन पाजला,
वाफ त्याच्या बुटांवर सांडली.
वारा भिंतीकडून फिरला.
दोन एक्केचाळीस: नऊशे सदुसष्टाची खळी खोल झाली,
विहिरीसारखी नाही,
अंधारात पायरी चुकावी तशी.
आणि तिच्या शेजारी, हजार तेहेतीसला, मिथेनॉल,
जे कुठलीच म्हैस देत नाही.
गोठ्यात साखळ्या वाजल्या.
चैनदासने रुमाल बांधला.
मला काही कळलं नाही. नाकाला, म्हणजे.

पहाटे वारा उलट फिरला, तेव्हाचंही लिहिणं भाग होतं.
मी गोठ्याशी गेले. म्हटलं, येसनबाई,
तुमचाही आहे हो. मिथेन. थोडा अमोनिया.
"हाये ना. म्या कवा नाई म्हटलं?"
आणि ती दोन म्हशी घेऊन सरळ
किरणामधूनच नाल्याकडे निघाली.
पडद्यावरची रेघ आडवी झाली. मग उठली,
पाण्याने, श्वासाने गजबजलेली.

नियम साधा आहे:
अडथळा आल्यास नोंद वगळावी.
सहा बारा ते सहा चौदा, वगळली.
अडीचनंतरची ठेवली. तिच्यापुढे
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नाकाने दुजोरा.
कोणाच्या, ते
विचारलं तर सांगेन.