अकरा टक्के

मांगोचीच्या जिल्हा रुग्णालयात पहिल्याच सकाळी
आमायी चिसालेंनी मला खिडकीशी घेतलं.
खाटेपाशी फोन काढलास तर आधी बाईला सांग
डोस बघतेय म्हणून.
नाहीतर त्यांना वाटतं, ही बसलीय नवऱ्याशी बोलत
आणि आम्ही इथे कळा सोसतोय.

सांगते मी. प्रत्येकीला. दिवसातून चाळीसदा.

फोनमध्ये अख्खं कॉलेज आहे:
ब्लांटायरच्या सरांची व्याख्यानं, अर्धीच उतरलेली,
एक देह, जो बोटानं फिरवला की
थराथरानं सुटा होतो,
मॅग्नेशियमचं गणित,
आणि गेल्या महिन्यापासून वायरीनं जोडलेला
साबणाच्या वडीएवढा एक प्रोब.
रेंज येते ती धुणं वाळत घालतात त्या कट्ट्यावर.
वीज तिच्या मर्जीनं.

आज असियातूच्या पोटावर जेल टाकलं
तेव्हा अकरा टक्के उरले होते.
करड्या धुक्यात डोकं सापडलं, मांडीचं हाड मोजलं,
मग जरा तिरकं धरल्यावर
चार कप्प्यांची ती इवलीशी लगबग.

आमायी पाठीशी उभ्या.
खिशात त्यांची लाकडी नळी,
एकतीस वर्षं कान लागून काठ गुळगुळीत झालेली.
मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील.
त्यांनी चष्मा पुसला. वाकल्या.
'हे का ते?'
हो, म्हटलं.
'नुसतं ऐकलंय गं इतकी वर्षं.
बंद दाराला कान लावून ऐकावं तसं.
हे असं उघडमीट करतं होय.'
आणि पडदा असियातूकडे वळवायचा मी विसरले होते,
तो त्यांनी वळवला.
ती काही बोलली नाही. पायाची बोटं तेवढी हलली.

नऊ टक्के. सात.
मग काळी काच, तिच्यात माझंच नाक.

'घे,' आमायींनी नळी पुढे केली.
हात लावायचा नाही म्हणे, कानानंच दाबून धरायची.
मी ओणवी झाले.
खाटेचा गंज, जेलचा गारवा, बाहेर कुणाची तरी बादली,
आणि मग, सावकाश, धप्, धप्.
ऐकू येतंय! मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी माझं मनगट धरलं,
घड्याळाकडे बघत काही ठोके मोजले.
'हे तुझंच आहे, पोरी.
थांब.
ते याच्यामागे आहे.'