मिनिटाला किती

आधी नुसतं नाक गळत होतं.
मोठीची शाळेतली सर्दी, याला लागली.
तिसऱ्या रात्री छातीत शिट्टी,
दूध ओढता ओढता दमायचा,
श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा.

डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, श्वास मोजा.
मिनिटाला साठच्या वर गेले तर तडक मिरज गाठा.

माझं आयुष्य मोजण्यातच गेलं, सांगलीच्या यार्डात, हळदीची पोती.
वडील सांगायचे, त्यांच्या वेळी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटाला बोट, तोंडातून अक्षर नाही.

तसाच हात दुपट्याखाली घातला.
अठ्ठावन्न.
पुन्हा. एकसष्ट.
वैजू चपला शोधत होती.

नळी, वाफ, अंगठ्याला लाल दिवा.
चौथ्या दिवशी लंगोट ओला झाला.
"मुतला ना? मग सुटलात," वॉर्डातल्या मावशी.

अजून मोजतो, तो झोपला की.
झबल्याला बोटांची हळद.