डावा हात

रात्री अकरानंतर भोकरदन नाक्यावरचे ट्रक विरळ होतात,
तेव्हा मी हेडफोन चढवतो.
खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर मपला स्टुडिओ:
भिंतींना गोणपाट, गोणपाटावर जुन्या दुलया,
दाराच्या फटीत सरकी काढलेला कापूस.

शमुवेल निर्मळनं रविवारी उपासनेहून येऊन
चार मिनिटं बारा सेकंद बास वाजवला, एका दमात,
आणि गेला पाळीवर,
रोलिंग मिलमध्ये लाल सळई चिमट्यात धरायला.
तारा दोन वर्षांच्या.
म्हणतो, नव्या तारा लई बडबड्या असतात.

ऐकलं. सूर जागेवर, ताल जागेवर,
पण घोंगडीत तोंड खुपसून कुणी
आपलं नाव सांगावं, तसं.

पहिल्या रात्री अडीचशे हर्ट्झ कापलं.
जरासं. मग अजून जरासं.
चिखल गेला, चिखलाबरोबर पायही गेले.

मग आठशेपाशी उचलून पाहिलं,
बोटांची खरखर वर आली,
सभेत कुणी मुद्दाम खोकावं अशी.

कॉम्प्रेसर लावला. मोठा सूर दाबला, बारका ओढून वर घेतला,
सगळे एका उंचीचे झाले,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे.
त्यातला शमुवेल कुठला, ते मलाच कळेना.

मग लतीफ बँडवाल्याचा स्पीकर मागून आणला,
कोन फाटलेला, फेविकॉलनं सांधलेला.
खाली दुकानात, बियाण्याच्या पोत्यांमध्ये तो मांडून
त्यातून पुन्हा वाजवला बास, समोर माईक धरला.
शटर थरथरलं. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.
वर येऊन ऐकलं:
स्पीकर झकास वाजला होता.
स्पीकरच.

शेवटी भट्टीवर आळ घेतला.
ती चालू झाली की आमच्याकडे दिवा मिणमिणतो,
वायरींतून पन्नासची गुणगुण येते.
ती शोधून शोधून काढली.
काही फरक नाही.

दोन वाजता त्याचा फोन. जेवणाची सुट्टी.
"झालं का?"
"तारा बदल तुपल्या," मी म्हणालो, जरा चढ्या आवाजात.
तिकडे लोखंडावर लोखंड पडलं.
"बदलतो की," म्हणाला.

सुचायचं थांबलं की माणूस एकेक बत्ती विझवतो.
ढोलकी बंद केली. बास तसाच.
गाणं बंद केलं. तसाच.
कीबोर्ड बंद केला

आणि तो उभा राहिला.
जुन्या तारांसकट, खांद्यांसकट,
प्रत्येक सुराला पुढची आणि मागची बाजू असलेला.

मपला डावा हात होता तो.
खालच्या सप्तकात, बरोबर त्याच्या जागेवर
मांडी घालून बसलेला.
वाईट हेतू नव्हता त्याचा.
बारा वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात
आमच्याकडे बासवाला कधी नव्हताच,
मंठ्यापासून परतूरपर्यंत
सगळ्या मांडवांचं बूड त्यानंच धरलं.
आता कुणी आलंय,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

पाच रात्री केलेलं सगळं काढून टाकलं,
उलट्या क्रमानं, एकेक.
मग डावा हात काढला.
शेवटच्या ओळीला त्याचा एकच सूर ठेवला,
बासच्या वर, एक सप्तक सोडून,
पाहुण्यासारखा.

सकाळी शमुवेल आला, भुवयांत लोखंडाची भुकटी.
उभ्यानंच ऐकलं त्यानं, हेडफोन एका कानाला.
"तारा तर नव्याच वाटू राहिल्या," म्हणाला,
आणि खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
औरंगाबादहून कुणाकडून तरी मागवलेलं.
अडीच पाळ्यांची मजुरी.

मी सांगणार होतो.
चहा आला. मग लतीफ आला स्पीकर न्यायला.

पाकीट अजून इथंच, मॉनिटरच्या मागं, न फोडलेलं.
त्याला विचारलं तर म्हणतो, राहू दे, लागतील.
वाजवताना उजवा हात मपला मपला चालतो,
डावा मांडीवर पडून असतो.
सवय जात नाही. बोटं हलतात,
आवाज येत नाही.