इतिवृत्त

बैठक चौथी. सहावा मजला, समिती कक्ष.
विषय : धोरणाच्या मसुद्यावर विद्यार्थ्यांचे म्हणणे.
एकवीस वर्षं मी इतिवृत्तं लिहितेय,
'विद्यार्थी' हा शब्द हजारदा तरी लिहिला असेल,
समोर खुर्चीत बसलेला पाहिला नव्हता.

पाच जण आले होते.
खुर्च्या साहेबांच्या मापाच्या.
वरळी कोळीवाड्याच्या हर्षला तांडेलचे पाय
जमिनीला पोचेनात,
तिने दप्तर खाली ठेवून त्यावर पाय टेकले
आणि लगेच चपापून
दप्तराला हात लावून कपाळाला लावला.
हे इतिवृत्तात येत नाही.

चौघांनी पाठ करून आणलेलं म्हटलं.
'आमच्या मनातील शाळा.'
कागदावर मुलांचं अक्षर, वाक्यं बाईंची.
साहेब मान डोलावत होते, मी लिहीत होते :
विद्यार्थ्यांनी समाधान व्यक्त केले.
हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे.
माझं लक्ष नसतानाही उमटतं.

पाचवी तस्कीन. गोवंडी, पालिकेची शाळा,
मराठी माध्यम, आठवी, दुपारचं सत्र.
तिच्याकडे कागद नव्हता. म्हणाली,
पान बेचाळीसवर लिहिलंय,
कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत जोडणार.
जवळची म्हणजे कुणाला जवळची?
तुमच्या नकाशात एक किलोमीटर आहे.
मी लहान भावाला घेऊन चालून बघितलं.
मधे नाला लागतो, मग हायवे.
सिग्नल चौदा सेकंदांचा,
आम्ही दोघं अठराव्या सेकंदाला पोचतो.

कुणीतरी पान बेचाळीस शोधू लागलं.

आणि आमच्या संडासाला कडी नाही, ती म्हणाली,
दार धरायला एक मुलगी लागते.
मी रुपालीचं धरते, रुपाली माझं.
ती एका शाळेत गेली आणि मी दुसऱ्या,
तर?

एसीचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

उपसचिव प्रेमाने म्हणाले,
बाळा, कडी हा धोरणाचा विषय नाही,
ते स्थानिक पातळीवर कळवायचं.
तिने विचारलं,
मग धोरण कुठल्या पातळीवर राहतं?
दोघं-तिघं हसले. चहा आला.

निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.
तुम्ही सगळं लिहिलंत ना?
ते आम्हाला वाचायला मिळेल?
एकवीस वर्षांत हे मला
कुणा आमदाराने विचारलं नव्हतं.

संध्याकाळी टंकायला बसले.
बोटं आपोआप म्हणाली :
भौतिक सुविधांबाबत काही सूचना प्राप्त झाल्या.
वाक्य देखणं होतं. त्यात नाला नव्हता,
भाऊ नव्हता, दार धरून उभी
रुपाली नव्हती.
मी ते खोडलं.
तिचं बोलणं तिच्याच शब्दांत घातलं,
अवतरणचिन्हांसकट, मुद्दा क्रमांक सात.

सोमवारी फाइल खाली आली.
समासात हिरव्या शाईने : भाषा सुधारावी.
मी दोनदा नीट वाचलं.
'सेकंदांचा'मधला एक अनुस्वार राहिला होता,
तो दिला.
बाकी होतं तसं वर पाठवलं.

तीन आठवडे झाले, फाइल वरच आहे.
विचारलं तर सांगतात, विचाराधीन.
हल्ली ऑफिसच्या संडासात
मी कडी सरकवते
आणि उगीच हात तसाच
दारावर ठेवून उभी राहते.

एक प्रत काढून ठेवली आहे.
लिफाफ्यावर शाळेचा पत्ता घातलाय,
जावक क्रमांक मात्र अजून नाही.