दिव्यावरची टिकली

दारव्ह्याकडून येताना फाट्यावर माझं शेड.
वर टिनं, खाली ऑइल प्यायलेली काळी माती,
एप्रिलात पाना उचलायचा तर फडक्यानं.

ठवकर बाईंची पद्मिनी टोचन लावून नाही आली,
स्वतःच्या चाकांवर आली,
पण खालून टकटक.
आतून कोणी दार वाजवतंय
आणि ओसरीतल्यांना ऐकू जात नाही, तशी.

"ऑइल कधी बदललं बाई?"
"पोळ्याले."
"आन् लाल दिवा लागते का?"
"नाई बा. दिवा तं कधीच लागत नाई."

'कधीच' खटकलं.
चावी फिरवली की इंजिन उठायच्या आधी
त्यानं एकदा लागलंच पाहिजे.
हनीफ उस्तादांनी हे शिकवलं
कानाखाली देऊन.

डॅशबोर्डवर अंगठा फिरवला.
काचेवर काहीतरी गोल, धुळीच्याच रंगाचं.
नखानं खरवडलं तर टिकली,
मरून, पाकिटात बारा येतात त्यातली.

बाई बघत राहिल्या.
"यायनंच लावली असन.
रातीचं डोयात येते म्हनत."

मास्तर जाऊन हे चौथं वर्ष.
चावी फिरवली. दिवा लागला.
म्हणजे तो सांगतच होता.

चौथीत याच बाईंनी माझी वही उलटीपालटी करून विचारलं होतं,
लाल शेऱ्याचं पान कुठं गेलं, देविदास?
खाल्लं होतं मी ते पान. खरंच.

डिपस्टिक पाहिली. ऑइल खुणेच्या वर.
हे त्याहून वाईट.
घातलं त्यापेक्षा जास्त कसं?
बोटावर चोळलं, हुंगलं:
पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास.
फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला,
थेंब थेंब खाली गळत होता.

पडदा बदलला, ऑइल बदललं,
बटण काढून तिथं गेज जोडला.
थंड इंजिन, अडीच किलो.
माझं पोरगं टाळ्या वाजवू लागलं.
थांब म्हटलं, ऊन लागू दे तिला.
वीस मिनिटांनी काटा उतरू लागला,
दीड, एक, पाऊण,
आणि स्लोला शून्याच्या मांडीवर जाऊन बसला.
थंडीत सगळेच ताठ असतात.

चेंबर उतरवलं. जाळीत काळा लगदा,
कुण्या जुन्या मिस्तरीच्या सोल्युशनच्या वाळक्या साली.
बेअरिंगच्या शेलची पांढरी कातडी गेलेली,
खालचं तांबं उघडं.
तांबं दिसलं की भाषण करू नये.
बाईंच्या तळहातावर ठेवलं.
त्यांनी चष्मा वर करून वाचल्यासारखं पाहिलं.

क्रँक घासायला अमरावतीला.
गोणपाटात बांधून, एस.टी.त, माझ्या शेजारी खिडकीजवळ.
कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं,
"बाराच्या खालचं दिसते हे."

आठव्या दिवशी सगळं बांधलं.
प्लग बाहेर ठेवून नुसता स्टार्टर मारत राहिलो,
काटा हलेपर्यंत.
कोरड्या अंगानं पळवू नये कोणाला.
मग प्लग, मग चावी.
तासभर उन्हात चालू ठेवली,
शेडमागची कुत्री उठून गेली कंटाळून.
स्लोला दीड.

"नवी झाली का रे?"
"नाई बाई. दीड झाली."

चावी, लाल. सुरू, काळं.
बाईंनी तीनदा करून पाहिलं.
टिकली मी फेकली नव्हती,
गेजच्या डब्याच्या झाकणावर होती.
त्यांनी ती बोटावर घेतली, उलटी केली.
"डिंक गेला हिचा," म्हणाल्या,
आणि होती तिथं ठेवली.

हिशेबात मी गुपचूप दोनशे कमी लिहिले.
त्यांनी माझ्या खिशातला पेन काढला,
ओठ हलवत बेरीज केली, आकडा खोडला.

"हातचा नाई धरला तू," म्हणाल्या.
"तवाही नाई धरे."