कॉल नाही लागला तरी चालेल

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
एक टेबल, एक भिंग, एक हेअर ड्रायर,
आणि भिजलेले फोन पुरायला
बरणीभर उकडे तांदूळ.
त्यानं काही होत नाही, मला ठाऊक आहे.
पण तांदूळ दिसले की गिऱ्हाइकाला धीर येतो.

काउंटरला टेकून सगळे आधी तेच म्हणतात,
"कॉल नाही लागला तरी चालेल रे, पण..."
त्या 'पण'वर माझं पोट चालतं.

मिंगेल रेंदेराचा फोन माडावरून पडला.
त्याला हवा होता फक्त गजर,
दिवसातून तीनदा, सूर काढायच्या वेळेचा.
सकाळचा माड पायांना पाठ आहे, म्हणाला,
दुपारचा विसरतो हल्ली.

शेवंती पालयेकरणीचा कॅमेरा गेला.
नुस्तं विकते, लिहिता येत नाही.
उधार नेणाऱ्याला ती तिथंच उभं करते,
हातात मासळी धरायला लावून फोटो काढते.
पैसे आले की माणूस पुसायचा.
तिच्या गॅलरीत आमचे निवृत्त हेडमास्तर
तीन वर्षं इसवण धरून हसताहेत.
आणखी खाली सरकवलं तर मी.
वेर्ल्यांचा एक वाटा, चतुर्थीनंतरचा.
मी मजुरी घेतली नाही.
तिनं माझ्यादेखत मला पुसलं.

गोकुळदास मेस्त भांडायलाच आला होता:
तुझ्याकडून दुरुस्त करून नेला तेव्हापासून
याची पाणसळ खोटं बोलते.
मी फोन टेबलावर ठेवला. दोन अंश डावीकडे.
त्यानं तो उचलून फरशीवर ठेवला. शून्य.
मग आम्ही दोघं टेबलाकडे बघत राहिलो.
अकरा वर्षं मी या टेबलावर
लोकांचं वाकडं सरळ करतोय.

मनोरमा गावस आली ती एप्रिलच्या एका बुधवारी,
बाजाराच्या गर्दीत, पदराखाली पिशवी धरून.
पिशवीत फोन, फोनमध्ये विहीर.

पाणी किती उरलंय ते वरून दिसेना,
म्हणून तिनं बॅटरी लावली, व्हिडिओ सुरू केला,
फोन टोपलीत बांधून दोरानं खाली सोडला.
गाठ सुटली.
दुसऱ्या दिवशी पोहरे काढायच्या गळानं वर आला.
"कॉल नाही लागला तरी चालेल," ती म्हणाली,
"मला फक्त आतलं बघायचंय."

फाइल अर्धी तुटलेली. दोन रात्री लागल्या.
बायको म्हणाली, कोणाचं एवढं काय आहे त्यात?

आधी चिरे, एकावर एक, वर जाणारे.
चिऱ्याच्या फटीत नेचा. एक बेडूक, दचकलेला.
मग सगळं फिरलं,
आणि फोन तळाशी उताणा पडून
वर बघत राहिला.
हिरव्या पाण्यापलीकडे उजेडाचा एक वाटोळा तुकडा.
त्यात एक डोकं. डोकं गेलं. परत आलं.
आवाजही होता, घट्ट, उशी तोंडावर धरल्यासारखा.
ती हाका मारत होती.
फोनला, नावानं नाही, नुसतं "अगो... अगो...",
गोठ्यातून सुटलेल्या पाडीला मारावी तशी.

मी तिला दाखवताना आवाज बंद केला.
तिनं स्वतःकडे बघितलंच नाही.
बोट काचेवर टेकवून ओल्या चिऱ्यांचे थर मोजले,
मागे नेऊन पुन्हा मोजले.
"चार," म्हणाली. "मे निघेल. जूनचं बघू."

पैसे दिले, सुटे, मोजून.
जाताना बरणीपाशी थांबली.
"आणि हे तांदूळ मग शिजवता?"

नाही, म्हणालो.