तळटीप एकशे सत्याऐंशी

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर, रात्री अडीच वाजता
मी अमेरिकेच्या कायद्याच्या तळटिपा तपासते.
खंड, पान, वर्ष. कलमाच्या खुणेनंतर एक मोकळी जागा.
मजकूर वाचायचे पैसे मिळत नाहीत.
मी वाचते.

हा लेख एकशे दहा पानांचा. लिहिणारी टेक्सासची,
तिच्या आडनावावर एक तिरकी रेघ आहे,
ती गाळली तर आमची चूक धरतात.
ती लिहिते : कायद्याकडे रकाने दोनच होते,
गोरे आणि काळे.
सरकारी वकील म्हणायचे, तुम्ही मेक्सिकन म्हणजे गोरेच,
ज्यूरीत बसलेले गोरेच,
मग तक्रार कसली?
पंचवीस वर्षं त्या काउंटीत ज्यूरीवर
तसल्या आडनावाचा एकही माणूस बसला नव्हता.
आणि त्याच कोर्टाच्या आवारात पुरुषांचे संडास दोन.
एकाला पाटी नाही.
दुसऱ्यावर : काळे पुरुष.
त्याखाली स्पॅनिशमध्ये : ओंब्रेस आकी.
पुरुषांनी इथे.

पहिला ह लिहायचा असतो, बोलायचा नसतो,
हे मी शोधून काढलं. त्याचेही पैसे नाहीत.

कागदावर गोरे. लघवीला लागली की नाहीत.
मशीनची कॉफी गार होईपर्यंत हे वाक्य
डोक्यात घण घालत राहिलं.

माझा बाप बसाप्पा अलकुंटे. रबाळ्याच्या खाणीत
तीस वर्षं सुतकी मारली.
खाण बंद झाली, खोकला चालू आहे.
धाकट्याच्या जातीच्या दाखल्यासाठी
कोकण भवनात आमची चौथी फेरी.
एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो.
शाळेचा दाखला, सातबारा, काहीही चालेल,
लेखी पाहिजे.
वडाराचा सातबारा!
बाप म्हणाला, साहेब, ठाण्याला तलावपाळीला चला.
काठचे दगड माझ्या बापानं घडवलेत.
टाकीचे घाव उजवीकडून डावीकडे उतरतात बघा,
डावरा होता तो.
बाबू वाईट नव्हता. हसलासुद्धा नाही.
म्हणाला, त्याची साक्षांकित प्रत जोडा.

रविवारी गेलो. काठावर नव्या फरशा,
माणसं भेळ खात होती, बोटी रंगीत.
बाप पायऱ्या उतरत गेला, गुडघ्यावर बसला,
पाण्याच्या रेषेजवळ तीन दगड
सुशोभीकरणातून सुटलेले.
ओंजळीनं पाणी मारलं, अंगठा फिरवला,
आंधळ्यानं चेहरा ओळखावा तसा.
एकावर थांबला.
मी फोटो काढला.
फोटोत नुसता ओला दगड आला,
आणि कडेला बापाचा अंगठा,
नख काळं पडलेलं.

तळटीप एकशे सत्याऐंशी.
टेक्सासच्या बाईंनी लिहिलंय :
माझ्या आईशी बोलणं, स्वयंपाकघरात,
ती बीन्स निवडत होती. तारीख आठवत नाही.
एवढंच.
नियमपुस्तिका सांगते, स्थळ-काळ नसेल तर लाल खूण करा,
लेखकाला विचारा : स्रोत?
कर्सर लुकलुकत राहिला.
खाली महापे रस्त्याला एक डंपर गेला,
खडी भरलेला,
काचेला बारीक थरथर.

मी पुढे गेले. एकशे अठ्ठ्याऐंशी,
सर्वोच्च न्यायालय, एकोणीसशे चोपन्न,
तिथं पान नंबर चुकला होता, तो दुरुस्त केला.

पहाटे टीम लीड विजेंद्रनं यादी पाहिली.
एकशे सत्याऐंशी सुटली का गं?
नाही, म्हणाले.
तपासली.